सिंथेटिक दस्त्याचा रंग आणि फिनिश: मराठवाड्याच्या उन्हाधुळीत टिकेल असं कसं निवडायचं

नवी एअर रायफल घरात आली, किंवा आजोबांच्या परवान्यावरची बारा बोर नावावर झाली आणि तिला लाकडाऐवजी सिंथेटिक दस्ता (बंदुकीचा खांद्याला टेकायचा, हातात धरायचा भाग) बसवायचं ठरलं, की पहिला प्रश्न रंगाचाच निघतो. काळा ठेवू का? मेहंदी करू का? ते जंगली डिझाइन कसं दिसेल? वाळूजच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या भागांवर रंग मारण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि नेमबाजीची आवड त्याहून जुनी. म्हणून ओळखीचे लोक हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. मी त्यांना आधी प्लास्टिक विचारतो, मग फिनिश. रंगाचं शेवटी बोलतो. हा क्रम उलटा झाला की पैसे वाया जातात. पहिल्या उन्हाळ्यात दस्ता चिकट होतो, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे निघतात.

त्याही आधी कायदा

आपल्याकडे शिकार बंद आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. रानडुक्कर किंवा रोही पिकात घुसले तरी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय त्यांच्यावर गोळी चालवता येत नाही. एअर रायफलने पोपट, वानर, मोर टिपणं हाही गुन्हाच. त्यामुळे ‘हंटिंग स्टॉक’ या नावाने जे दस्ते विकले जातात, ते आपल्यासाठी निशाणेबाजीचे किंवा शेत-घर राखणीच्या परवान्याच्या बंदुकीचे दस्ते. निवडही त्याच हिशोबाने करायची.

०.१७७ बोरची, छर्र्याची ऊर्जा २० जूलच्या आत असलेली एअर रायफल शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे विनापरवाना घेता येते. तिचा दस्ता घरी रंगवायला हरकत नाही. परवान्याच्या बंदुकीचं तसं नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे त्या कामाचा परवाना लागतो. म्हणून ती कोपऱ्यावरच्या पेंटरकडे टाकून येऊ नका, परवानाधारक बंदूक दुकानातूनच काम करून घ्या. आणि नळीवर, बॉडीवर (नळीमागच्या यंत्रणेच्या भागावर) ठोकलेला नंबर कुठल्याही कोटिंगखाली गेला नाही पाहिजे. नंबर मिटवणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि जाड कोटिंगखाली बुजलेला नंबर ठाण्यात समजावून सांगत बसायची वेळ कुणावर येऊ नये.

दस्ता कशाचा आहे ते ओळखा

सिंथेटिक म्हणजे एकच वस्तू नव्हे. बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. साच्यात ओतलेलं प्लास्टिक, म्हणजे नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन किंवा एबीएस. रेझिनमध्ये काचेचं कापड थरावर थर बसवून केलेला फायबरग्लास. आणि महागातला कार्बन फायबर. आपल्याकडच्या बहुतेक एअर रायफलींना पहिला प्रकारच असतो, म्हणून त्याच्याबद्दल जास्त सांगतो.

मागचं रबरी पॅड दोन स्क्रू काढून बाजूला करा आणि आतल्या पोकळीत टॉर्च मारा. बऱ्याचदा आत इंग्रजी अक्षरांत खूण असते. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, पीए म्हणजे नायलॉन, एबीएस म्हणजे एबीएस. पीएच्या पुढे जीएफ ३० असेल तर त्यात वजनाने ३० टक्के काचतंतू मिसळलेले आहेत. असा दस्ता कडक असतो आणि उन्हात वाकत नाही.

खूण नसेल तर त्याच पोकळीच्या आतल्या कडेवरून ब्लेडने नखाएवढी चकती खरवडून घ्या. वाटीत पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, आणि चकती बोटाने पाण्याखाली दाबून सोडा. साबण अशासाठी की चकतीला बुडबुडे चिकटून ती उगाच तरंगू नये. वर आली तर पॉलिप्रॉपिलीन, कारण त्याची घनता पाण्यापेक्षा कमी असते. तळाला गेली तर नायलॉन किंवा एबीएस. या दोघांतला फरक अॅसिटोनने कळतो. नेलपॉलिश काढायच्या अॅसिटोनमध्ये कापूस बुडवून आतल्या बाजूला टेकवा. एबीएस लगेच विरघळून चिकट होतं, नायलॉनला काही होत नाही. हा प्रयोग बाहेरच्या बाजूला करू नका.

एवढा खटाटोप कशाला? पॉलिप्रॉपिलीनवर साधा रंग धरतच नाही. दिसायला छान बसतो, आणि महिन्याभरात नख लावलं की साय निघावी तसा सुटतो. त्यासाठी प्लास्टिकचा खास प्रायमर लागतो. गाड्यांचे बंपर बहुतेक याच जातीच्या प्लास्टिकचे असतात, त्यामुळे बंपर रंगवणाऱ्या कुठल्याही चांगल्या गॅरेजात हा प्रायमर मिळतो. एबीएसला उलटी अडचण. त्यावर रंग झकास धरतो, पण जहाल थिनर लागला तर बारीक भेगा पडतात. या सगळ्यांत रंगवायला सोपं नायलॉन आणि फायबरग्लास.

तुमचा दस्ता पॉलिप्रॉपिलीनचा, काळा आणि धड असेल, तर माझा प्रामाणिक सल्ला आहे की रंगवू नका. फक्त पकडीच्या जागेचं काय करायचं ते बघा. त्याबद्दल पुढे सांगतो.

बंदूक राहते कुठे, वापरता कधी

आपल्याकडे हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. एप्रिल-मेमध्ये परभणी, नांदेडकडे पारा ४२ च्या पुढे जातो. उभ्या गाडीत, बंद काचांआड, हवा त्याहून किती तरी तापते. आखाड्यावर पत्र्याखाली ठेवलेली बंदूक दुपारभर भाजते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच बंदूक ओलसर कोपऱ्यात असते. वर काळ्या मातीची धूळ. ती इतकी बारीक की कपाटाच्या फटीतूनही आत जाते.

फक्त शहरात, सावलीतल्या दहा मीटरच्या रेंजवर वापरणार असाल तर यातलं फारसं काही लागू होत नाही, आवडेल तो रंग घ्या. पण शेतावर, माळावर, मोटारसायकलवरून नेआण असेल तर तीन गोष्टी पक्क्या धरा: ऊन, धूळ, घाम. रात्री जागलीला बरोबर नेत असाल तर चौथी, बॅटरीचा उजेड. डोक्याला लावलेल्या बॅटरीचा झोत चकचकीत दस्त्याच्या वरच्या कडेवर पडून सरळ आपल्याच डोळ्यात येतो, आणि अंधाराला सरावलेली नजर क्षणभर जाते. भरलेली बंदूक हातात असताना तो एक क्षणही धोक्याचा.

फिनिश: इथे घाई करू नका

चकचकीत, सॅटिन, मॅट, दाणेदार आणि रबरी स्पर्शाचं, एवढी फिनिशं मिळतात.

चकचकीत माझ्या यादीतून पहिलं बाद. दुपारी तीन वाजता माळावर चकचकीत दस्त्याला गाल लावून बघा. वरच्या कडेवर उन्हाची एक पांढरी रेघ उमटते आणि समोरचा निशाणा धुरकट होतो. शिवाय प्रत्येक ओरखडा, प्रत्येक बोटाचा ठसा उठून दिसतो.

रबरी स्पर्शाचं फिनिश, ज्याला दुकानदार ‘सॉफ्ट टच’ म्हणतो, नवीन ग्राहकाला सगळ्यात जास्त भुरळ घालतं. हातात मऊ, मखमली लागतं, घसरत नाही. पण हा बहुधा पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो, आणि उष्णता, दमट हवा, घाम यांनी तो हळूहळू विघटित होतो. एखाद्या उन्हाळ्या-पावसाळ्यानंतर दस्ता हातात घेतला की तळवा चिकटतो, बोट दाबून उचललं की ठसा राहतो, धूळ बसून पुटं चढतात, आणि गालावर काळा डाग येतो. जुन्या रेडिओची, टॉर्चची रबरी मूठ अशीच झालेली बहुतेकांनी पाहिली असेल. मराठवाड्यात हे फिनिश घेऊच नये असं माझं ठाम मत आहे. आधीच घेतलं असेल आणि चिकटायला लागलं असेल तर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने भिजवलेल्या फडक्याने चोळून तो थर पूर्ण उतरवता येतो. वेळ लागतो, पण खालचं प्लास्टिक बहुतेक वेळा चांगलं निघतं.

मॅट सुरक्षित आहे. उजेड परतवत नाही, ओरखडे लपवतं. दोष एकच: फार खरखरीत मॅटमध्ये धूळ आणि घामाचं तेल अडकतं, आणि वारंवार पुसल्याने हाताच्या जागा घासून चकाकायला लागतात. म्हणून मी पूर्ण कोरड्या मॅटपेक्षा मॅट आणि सॅटिनच्या मधलं फिनिश सुचवतो. पेंटच्या दुकानात चकाकीचे टक्के सांगितले तर समजतं. १० ते २० टक्क्यांच्या दरम्यान मागा.

दाणेदार फिनिश सगळीकडे नको, जिथे हात बसतो तिथेच हवं: मुठीवर आणि पुढच्या हाताच्या जागी. घामाने ओला हात घसरू नये हा हेतू. गाल टेकतो तिथे मात्र गुळगुळीत सॅटिनच पाहिजे, नाहीतर तासाभराच्या सरावात गाल सोलवटून निघतो. दाणे आणायला रंगाच्या शेवटच्या हाताआधी जाड स्पंजने टिपके देतात, किंवा टेक्श्चरचा तयार डबा मारतात. गाडीच्या खालून मारायचं अंडरबॉडी कोटिंग काही जण सुचवतात. ते डांबरी किंवा रबरी असतं, उन्हात मऊ पडतं. दस्त्यावर नको.

रंग धरवायचे मार्ग

सगळ्यात टिकाऊ रंग तो, जो वरून मारलेलाच नसतो. प्लास्टिक ओततानाच त्यात रंग मिसळला की ओरखडा गेला तरी आत तोच रंग निघतो. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने १९५९ मध्ये नायलॉन ६६ नावाची .२२ रायफल काढली. तिचा दस्ता ड्युपाँटच्या नायलॉनचा होता आणि तो तपकिरी, काळा, हिरवा अशा साच्यातल्याच रंगांत येत असे. चांगल्या फायबरग्लास दस्त्यांत हेच काम रंगीत जेलकोट, म्हणजे रेझिनचा बाहेरचा थर करतो, तोही साच्यातच बसतो. निवडायची संधी असेल तर नवा दस्ता घेतानाच हव्या रंगाचा घ्या. पुढची सगळी मेहनत वाचते.

वरून मारायचं झालं तर गॅरेजमधला टू-के पेंट, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, माझी पहिली पसंती. तो तेलाला, घामाला, पेट्रोलच्या थेंबाला दाद देत नाही. स्प्रेचा साधा डबा स्वस्त आणि सोपा, पण त्याचा थर बंदुकीच्या तेलाने मऊ पडतो. दोन-तीन वर्षांनी पुन्हा मारायची तयारी असेल तरच तो घ्या. सेराकोट हे सिरॅमिकयुक्त पातळ कोटिंग उत्तम आहे, पण त्याचा एक प्रकार भट्टीत तापवून पक्का करतात. प्लास्टिकसाठी कमी तापमानाची किंवा हवेत सुकणारी पद्धत वापरावी लागते. करणाऱ्याला हे माहीत आहे का, ते आधी विचारा.

पानाफांद्यांचं डिझाइन हवं असेल तर हायड्रो डिपिंग असतं. पाण्यावर विरघळणारी छापील फिल्म तरंगत सोडतात, तिच्यावर शाई मऊ करणारा अॅक्टिव्हेटर फवारतात आणि दस्ता हळूच बुडवतात. शाई दस्त्याला लपेटून बसते. त्यावरचा पारदर्शक थर जितका चांगला, तितकं ते काम टिकतं. करून घेणार असाल तर वरचा थर मॅट आणि टू-के असावा, हे बोलून घ्या.

एक धोक्याची सूचना. एमआयडीसीत ओळख असलेला कुणीतरी नक्की म्हणेल, ‘पावडर कोटिंग करून देतो, फुकटात.’ पावडर कोटिंग साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत पक्कं होतं. पॉलिप्रॉपिलीन १६५ च्या आसपास वितळतं. नायलॉन वितळलं नाही तरी त्या उष्णतेत वाकडं होण्याची भीती असते. लोखंडी भागांसाठी ते काम चांगलं, दस्त्यासाठी अजिबात नाही.

आता रंग

काळ्या रंगाचा एक मोठा गुण आहे. प्लास्टिकमधला काळा रंग सहसा कार्बन ब्लॅकचा असतो आणि तो सूर्याची अतिनील किरणं शोषून प्लास्टिकला वाचवतो. ठिबकच्या नळ्या काळ्या असतात त्यामागे हेच कारण आहे. म्हणजे काळा दस्ता ठिसूळ व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. पण तापतोही तोच सर्वांत जास्त. मे महिन्यात दुपारी उन्हात दहा मिनिटं ठेवलेल्या काळ्या दस्त्याला गाल लावून दाखवा. आणि आपली काळी माती वाळली की तिची धूळ राखाडी होते, ती काळ्यावर पांढरट थरासारखी दिसते. सकाळी पुसलेली बंदूक दुपारी मळकट.

म्हणून शेतावर वापरायची असेल तर मी मधल्या छटेचे मातकट रंग सुचवतो. पेंटच्या दुकानात आरएएलचा (प्रत्येक छटेला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) शेडकार्ड मागा आणि हे चार कोड उन्हात धरून बघा: १०१९ हा राखाडी झाक असलेला बेज, ७००६ त्याहून गडद, ७००२ ऑलिव्हकडे झुकणारा राखाडी, आणि ७०१३ तपकिरी राखाडी. माझी निवड ७००२. धूळ त्यावर दिसत नाही, काळ्याइतका तापत नाही, आणि खालचं काळं प्लास्टिक ओरखड्यातून डोकावलं तरी फार खटकत नाही. १०१९ अजून थंड राहतो, पण काळ्या दस्त्यावरचा ओरखडा त्यात लांबून दिसतो, आणि हाताचा तेलकटपणा बसून मूठ काळवंडते.

गडद हिरव्याचं आकर्षण समजू शकतं. पण आपल्या भागात शिवार हिरवं असतं किती? पोळ्यापर्यंत सोयाबीन हिरवं, दसऱ्याला ते पिवळं पडून काढणीला येतं, तूर थोडी पुढे. होळीनंतर पळाट्या, वाळकं गवत आणि मुरूम एवढंच उरतं. गौताळ्याच्या किंवा येडशीच्या डोंगरातलं जंगलही उन्हाळ्यात पानं झाडून तपकिरी होतं. आणि लपायचं कुणापासून? निशाणेबाजीत लक्ष्य कागदाचं असतं. परदेशात जिथे हरणांची शिकार परवान्याने होते, तिथलेही जाणते लोक रंगापेक्षा चकाकी आणि हालचालीला जास्त जपतात. हरणाला आपल्यासारखा लाल-नारिंगी वेगळा दिसत नाही. त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्याकडे तीन. म्हणून तिथले शिकारी इतर माणसांना दिसावं यासाठी भडक नारिंगी जॅकेट घालूनही हरणाच्या जवळ जाऊ शकतात.

लष्करी छापाचं डिझाइन मी सुचवत नाही. हौस म्हणून दिसायला वाईट नाही. पण रात्री हायवेवर नाकाबंदी असते, नांदेड-किनवटकडे पैनगंगेच्या काठाने जंगलालगतची गावं आहेत, तिथे लष्करी छापाची बंदूक घेऊन फिरणारा माणूस लगेच डोळ्यावर येतो. परवाना न लागणारी एअर रायफल असली तरी खुलासे करता करता तास जातो.

भडक लाल, निळा, पोपटी हे रंग खेळण्याचे आहेत. घरात लेकरं असतील तर बंदूक खेळण्यासारखी दिसणं हाच धोका. तिचं टोक नारिंगी रंगवू नका. अमेरिकेत खेळण्याच्या बंदुकीला नारिंगी टोक कायद्याने लागतं, आपल्याकडे आयात होणाऱ्या खेळण्यांवरही ते दिसतं. खऱ्या एअर रायफलीला तसं टोक केलं तर पोराला वाटणार, हीही तसलीच. पडलेली बंदूक सापडावी म्हणून भडक रंग हवा असेल तर पट्टा भडक घ्या, दस्ता नाही.

छटा ठरवायची कशी

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका. मोकळ्या जुन्या प्लास्टिकच्या तुकड्यावर, किंवा पॅडखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, हव्या छटेचा हात मारा आणि तो सकाळी आठला, दुपारी तीनला आणि दिवे लागणीला बघा. दुपारच्या आपल्या उन्हात प्रत्येक रंग एक पायरी फिका दिसतो. म्हणून दोन छटांत अडकलात तर गडद घ्या. त्याच तुकड्यावर वाळलेल्या ढेकळाची धूळ चोळून पुसून बघा. आठवडाभराने ब्लेडने फुलीचा काप द्या, त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंग आला तर प्रायमर चुकला किंवा सफाई कमी पडली.

घरी रंगवताना

हे फक्त परवाना न लागणाऱ्या एअर रायफलीसाठी लिहितो आहे. छर्रा आत नाही ना, ते दोनदा बघा. स्प्रिंगची असेल तर ताणलेली नाही याची खात्री करा, आणि मगच स्क्रू काढून दस्ता सुटा करा. स्क्रू कुठला कुठे होता, फोटो काढून ठेवा.

नवा दस्ता आधी धुवा, घासायचं नंतर. साच्यातून सुटावा म्हणून मारलेलं सिलिकॉन त्यावर असतं. धुण्याआधी पॉलिश पेपर मारला तर ते ओरखड्यांत जाऊन बसतं. भांड्याचा साबण, कोमट पाणी, जुना टूथब्रश. मग ३२० चा आणि त्यानंतर ४०० चा वॉटर पेपर हलक्या हाताने, फक्त चकाकी मरेपर्यंत. पुन्हा धुवा आणि पाणी कसं राहतं ते बघा. पाणी सलग पसरलं तर सफाई झाली. थेंब थेंब होऊन फुटलं तर अजून तेल आहे. शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर उघड्या हाताने धरू नका. त्या खोलीत डॅशबोर्ड पॉलिश किंवा सिलिकॉनचा कुठलाही स्प्रे मारू नका. त्याचा तुषार बसला की रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

आतल्या बाजूला, जिथे बॉडी बसते आणि नळीखालची खाच असते, तिथे मास्किंग टेप लावा. नवखे लोक आतही रंग मारतात आणि मग निशाणा का हलला हे कळत नाही. तिथला रंगाचा थर बॉडीची बैठक बदलतो. स्क्रूच्या भोकांत कापूस किंवा टेपची गुंडाळी घाला. रबरी पॅड काढूनच ठेवा.

मोसम बघा. पावसाळ्यात दमट हवेने थर पांढुरका पडतो. मे महिन्यात तुषार दस्त्यावर पोचण्याआधीच सुकतो आणि खरखरीत, भुकटी बसल्यासारखं काम होतं. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, सकाळी दव उडाल्यावर दहाच्या सुमारास, वारा नसताना काम करा. अंगणात पाणी शिंपडा म्हणजे धूळ उडणार नाही.

प्रायमरचा एक पातळ हात, मग रंगाचे तीन पातळ हात. २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवा. फवारा दस्त्याच्या बाहेर सुरू करायचा आणि पलीकडे बाहेरच संपवायचा. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं. पहिल्या हाताला खालचा काळा दिसतच राहतो. तो झाकायच्या घाईत जाड मारला की ओघळ आलाच. टू-के वापरत असाल तर साधा कापडी मास्क चालत नाही. त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला कायमचा दमा लावू शकतं. वाफ गाळणाऱ्या योग्य कार्ट्रिजचा मास्क आणि मोकळी हवा दोन्ही नसतील तर ते काम गॅरेजवाल्याकडून करून घ्या.

हाताला सुकलं म्हणजे पक्कं झालं असं नाही. सात दिवस टांगून ठेवा, आणि मगच बॉडी बसवा. स्क्रू कंपनीच्या पुस्तिकेत दिलेत तितकेच आवळा. स्प्रिंगच्या रायफलीत धक्क्याने ते सैल पडतात, म्हणून निळ्या जातीचं थ्रेडलॉकर (स्क्रूचे आटे धरून ठेवणारा द्रव) एक थेंब लावलेलं बरं. पहिल्या सरावानंतर ते पुन्हा तपासा, आणि निशाणा नव्याने लावून घ्या.

नंतरची निगा

ओल्या फडक्याने पुसायचं, कोरड्याने नाही. कोरड्या फडक्यात अडकलेली धूळ पॉलिश पेपरसारखी घासते. पेट्रोल, थिनर, रॉकेल यांनी पुसू नका. डासांसाठी डीईईटी असलेलं मलम लावलं असेल तर हात धुऊनच बंदूक धरा. ते कित्येक रंगांना आणि काही प्लास्टिकना मऊ करतं, आणि जागलीच्या रात्री नेमकं तेच हाताला असतं. बंदूक कापडी खोळीत वर्षभर बंद ठेवू नका. पावसाळ्यात खोळ ओल धरते, दस्त्याला काही होत नाही पण नळी गंजते.

उरलेला रंग छोट्या काचेच्या बाटलीत घट्ट झाकून ठेवा. हार्डनर मात्र वेगळा, मिसळलेला रंग टिकत नाही. शेडचा कोड आणि तारीख पॅडखालच्या पोकळीत मार्करने लिहून ठेवा. ओरखडा पडला की बारीक ब्रशने तेवढ्यापुरता थेंब लावायचा, आणि वाळल्यावर त्यावर ६०० चा ओला पेपर एक-दोनदा फिरवायचा, म्हणजे ती जागा चकाकत नाही.